अंगावर झीरो, आत हार्वर्ड

प्रश्न थोडक्यात असा आहे. टेक्सासमधल्या एका एअर शोला तुम्ही मुलाला घेऊन गेलात. पंखांवर लाल गोळे असलेली, दुसऱ्या महायुद्धातली जपानी ‘झीरो’ लढाऊ विमानं आली, खाली स्फोट झाले, काळा धूर उठला. शेजारी बसलेले एक आजोबा म्हणाले, “ही झीरो नव्हेत. सिनेमासाठी सोंग चढवलेली आपलीच ट्रेनर विमानं आहेत.” हे खरं का, ट्रेनरचं फायटर करतात कसं, असं कापून-जोडून केलेलं विमान उडवणं धोक्याचं नाही का, आणि एखादं विकायला निघालं तर ते घेऊन मूळ रूपात आणावं का, असे तुमचे चार प्रश्न, आणि शेवटी मुलाला कॉकपिटमध्ये बसू देतील का, ही विचारणा.

आजोबांचं बरोबर आहे. ओझरच्या विमान कारखान्यात हात काळे करून मी इकडे आलो. गेली पंचवीसेक वर्षं दक्षिण कॅलिफोर्नियात जुन्या विमानांच्या हँगरमध्ये मेकॅनिक आहे. सगळ्यात जास्त तास गेले ते टी-६ विमानांवर. त्यांतली दोन झीरोच्या वेशातली होती, त्यामुळे सोंगाच्या आत काय असतं ते बऱ्यापैकी माहीत आहे.

आधी नावाचा घोळ. टी-६ टेक्सन, एसएनजे आणि हार्वर्ड हे एकच कुटुंब. नॉर्थ अमेरिकन कंपनीचं हे ट्रेनर अमेरिकी लष्करी वैमानिकांसाठी टेक्सन, नौदलासाठी एसएनजे आणि ब्रिटिश राष्ट्रकुलात हार्वर्ड. सगळी मिळून पंधरा हजारांहून जास्त बनली. आपल्या हवाई दलातही १९७०च्या दशकापर्यंत पोरं यावरच शिकली. माझे वडील जोधपूरला हार्वर्डवर फिटर होते, त्यामुळे आमच्या घरात ‘टेक्सन’ हा शब्दच नव्हता. या उत्तरातही माझ्या तोंडी हार्वर्डच येईल, चालवून घ्या.

आता सिनेमा. तुम्ही पाहिलेली विमानं ज्या परंपरेतली आहेत तिची सुरुवात ‘टोरा! टोरा! टोरा!’पासून. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याचा हा चित्रपट १९७० साली आला आणि स्पेशल इफेक्ट्सचं ऑस्कर घेऊन गेला. संगणकावर विमानं काढायची सोय तेव्हा नव्हती. आकाशभर जपानी विमानं दाखवायची तर आकाशभर विमानंच हवीत. झीरो दहा हजारांवर बनली होती खरी, पण युद्ध संपेपर्यंत बहुतेक जळाली, बुडाली नाहीतर भंगारात गेली. कॅलिफोर्नियातल्या चिनोच्या संग्रहालयातलं झीरो आज मूळ साकाए इंजिनावर उडतं, पण ते जमिनीवरून उठलं १९७८ साली. १९६८मध्ये निर्मात्यांना एक उडतं झीरो मिळवायची मारामार होती, डझनभराची तर बातच सोडा.

हार्वर्ड मात्र पोत्यानं मिळत होती. कॅनडाच्या हवाई दलानं १९६०च्या दशकाच्या मध्याला ती मोडीत काढली होती. फोर्ट विल्यमच्या कारखान्यात १९५०च्या दशकात बनलेली हार्वर्ड मार्क ४, म्हणजे वयानंही फारशी म्हातारी नव्हेत. ती कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचला आणून त्यांची झीरो केली.

हार्वर्डच का, याचं उत्तर विमानाच्या मापांत आहे. झीरोच्या सुरुवातीच्या मॉडेलचे पंख टोकापासून टोकापर्यंत १२ मीटर, हार्वर्डचे १२.८. लांबी झीरोची ९.०६, हार्वर्डची ८.८४. दोघांनाही पंख खाली, दोघांचीही चाकं आतल्या बाजूला मिटतात, दोघांच्या नाकात गोल रेडियल इंजिन, दोघांच्या डोक्यावर चौकटी-चौकटींची लांब काच. पन्नास मीटरवरून, जाता जाता, सूर्य पाठीमागे असेल तर डोळा फसतो. सिनेमाला तेवढंच हवं असतं.

पण आत दोन्ही यंत्रं अगदी वेगळ्या प्रकृतीची. माझ्या आवडीची गोष्ट ही: ट्रेनर फायटरपेक्षा जड आहे! रिकामं हार्वर्ड सुमारे १,८८० किलो, रिकामं झीरो १,६८०. जपान्यांनी झीरोचा ग्रॅम न् ग्रॅम खरवडून काढला होता, वैमानिकामागचं चिलखतसुद्धा दिलं नाही. याउलट हार्वर्ड म्हणजे शिकाऊ पोरांची आदळआपट सोसायला केलेलं विमान, सरकारी शाळेच्या बाकासारखं दणकट. त्यातून इंजिन ६०० अश्वशक्तीचं, झीरोचं साडेनऊशेच्या आसपास. झीरो ताशी ५३० किलोमीटर गाठायचं, हार्वर्ड जीव तोडून ३३५. म्हणून पडद्यावर ‘झीरो’ सुसाट जाताना दिसतं तेव्हा ते श्रेय कॅमेऱ्याच्या विमानाचं आणि संकलकाचं.

नाकाची तर गंमतच आहे. हार्वर्डचं प्रॅट अँड व्हिटनी वास्प इंजिन २२ लिटरचं, साकाए जवळजवळ २८ लिटरचं. तरी वास्पचा घेर मोठा. कारण वास्पचे नऊ सिलिंडर एकाच गोलात बसवलेत, साकाएचे चौदा सात-सात करून दोन गोलांत, एकामागे एक. वास्पचा व्यास १.३१ मीटर, साकाएचा १.१५. म्हणजे दुबळं इंजिन आणि जाडं नाक. इंजिनावरच्या पत्र्याच्या टोपाला, म्हणजे काउलिंगला, कितीही गोलाई द्या, झीरोचं ते निमुळतं थोबाड हार्वर्डला येत नाही. जाणकार माणूस सोंग पहिल्यांदा ओळखतो ते इथेच.

आता बदल काय करतात ते सांगतो. प्रत्येक विमान थोडं वेगळं असतं, त्यामुळे हे साचेबंद समजू नका. हार्वर्डचा एक गुण सोंगाला फार सोयीचा: पुढच्या धडाचा सांगाडा स्टीलच्या नळ्यांचा असून कडेचे पत्रे स्क्रू काढले की निघतात. म्हणजे बाहेरचा आकार बदलताना प्रत्येक वेळी हाडाला हात लावावा लागत नाही. लांब काच कापून आखूड करायची, मागच्या सीटवर पत्र्याची पाठ चढवायची. हार्वर्डच्या पंखांची टोकं चौकोनी, ती काढून गोल टोकं लावायची. उभ्या शेपटीचा आणि रडरचा आकार बदलायचा. चाकांना झाकणं, पंखांत खोट्या तोफांच्या नळ्या, पंख्याच्या मध्यावर टोकदार टोपी, म्हणजे स्पिनर. बरंचसं काम पत्रा आणि फायबरग्लासचं. रंग तर शेवटी येतो, आणि लोकांना वाटतं सगळं कामच रंगाचं होतं.

त्याच सिनेमासाठी याहून धाडसी कामं झाली. पाणतीर टाकणाऱ्या ‘केट’साठी टी-६चं धड कापून लांब केलं आणि मागे बीटी-१३ व्हॅलियंट या दुसऱ्याच ट्रेनरचा शेपटीकडचा भाग जोडला. खऱ्या केटमध्ये तीन माणसं बसायची, तेवढी लांब पाठ टी-६ला कुठून येणार! बुडी मारून बाँब टाकणाऱ्या ‘व्हॅल’साठी बीटी-१३च घेतलं, कारण दोघांचीही चाकं न मिटणारी. पायांवर विजारीसारखी झाकणं चढवली की निम्मं काम झालं. ही विमानं डिसेंबर १९६८मध्ये सॅन डिएगोजवळ यॉर्कटाउन या खऱ्या विमानवाहू जहाजाच्या डेकवरून उडवली. जहाजही सोंगातलंच: अमेरिकी यॉर्कटाउन जपानी अकागी झालं होतं. उडाली डेकवरून, उतरली मात्र जमिनीवर, कारण डेकवर उतरायला शेपटीला आकडा लागतो आणि तो त्यांना नव्हता.

गावाकडे बहुरूपी यायचा, आठवतं का? फौजदाराच्या वेशात दारात उभा राहून दमात घ्यायचा, आणि आजी आतून हसत सूप भरून जोंधळे आणायची. पायातल्या वहाणा त्याच्या स्वतःच्याच असायच्या, आजी तेवढंच बघायची. पुढच्या शोला मुलाला विमानाच्या वहाणा दाखवा. एक म्हणजे पंख: हार्वर्डच्या पंखाची पुढची कड मागे झुकलेली आणि मागची जवळजवळ सरळ, झीरोचं याच्या उलट. टोकं गोल केली म्हणून हे लपत नाही. दुसरं, उजव्या बाजूला बाहेर आलेली धुराची एकच जाड नळी. तिसरं जमिनीवर, दोरीपाशी उभं राहून बघायचं: चढायच्या जागेजवळ ‘एक्सपेरिमेंटल’ हा शब्द. अमेरिकेच्या नियमानं तो निदान दोन इंचांच्या अक्षरांत लिहावाच लागतो. जपानी नौदलानं तो लिहिला नसता.

चौथी खूण कानाची. हार्वर्डच्या पंख्याचा व्यास नऊ फूट आणि तो थेट इंजिनाच्या दांड्यावर, मध्ये गिअर नाही. उड्डाणाच्या वेळी मिनिटाला २,२५० फेरे. हिशेब करून बघा: पात्याचं टोक सेकंदाला ३२० मीटरच्या वर फिरतं. आवाजाचा वेग ३४० धरला आणि विमानाचा स्वतःचा पुढचा वेग मिळवला की टोक आवाजाच्या उंबरठ्यावर जातं. ती फाटल्यासारखी कर्कश किंकाळी दुसऱ्या विमानाची असूच शकत नाही. वडील म्हणायचे, जोधपूरला सकाळी गजराची गरज नव्हती. आपल्या हवाई दलाच्या व्हिंटेज ताफ्यात डागडुजी करून उडतं केलेलं हार्वर्ड आहे. त्याचा व्हिडिओ मी त्यांना पहिल्यांदा फोनवर लावून दिला तेव्हा ते पडद्याकडे न बघता डोळे मिटून ऐकत बसले.

धोक्याचा प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. विमानाचं रूप बदलणं सोपं, तोल सांभाळणं अवघड. विमान तराजूसारखं एका बिंदूवर तोललेलं असतं. शेपटी त्या बिंदूपासून पाच मीटर मागे असेल तर तिथं ठेवलेला एक किलो एक मीटरवरच्या पाच किलोंइतका भारी पडतो. मागची सीट, तिथला विमान चालवायचा दांडा, उपकरणं काढली की नाक जड होतं. शेपटीला नवा पत्रा, नवा आकार दिला की शेपूट जड होते. दोन्ही एकदम केलं आणि ‘फिटंफाट झाली असेल’ म्हणून सोडलं, तर बाकीचं वैमानिक हवेत गेल्यावर कळतं.

माझ्याकडे आलेल्या दोन झीरोंपैकी पहिल्याचा किस्सा सांगतो. मालक नवा, विमान चार हात फिरून आलेलं. कागदांत वजनाचा तक्ता नीट होता, सही-शिक्का सगळं. वैमानिकाची तक्रार एवढीच की दांडा ‘फार हलका’ लागतो, बोटानं नाक वर येतं. ऐकायला बरं वाटतं, पण माझ्या कानाला ते चांगलं लागलं नाही. आम्ही विमान तीन काट्यांवर चढवलं, शेपूट घोडीवर उचलून समतल केली. आकडे तक्त्याशी जुळेनात. शेपटीकडे कागदापेक्षा अकरा किलो जास्त.

दुपारभर शोधलं. शेवटी शेपटीच्या चाकावरची छोटी झडप काढून हात खांद्यापर्यंत आत घातला तेव्हा बोटांना गार, जड असं काहीतरी लागलं. शिशाच्या तीन चिपा, दोन बोल्टांनी कण्याला आवळलेल्या, आणि वरून आतल्या पत्र्यासारखाच झिंक क्रोमेटचा पिवळट हिरवा रंग. टॉर्च मारली तरी दिसणार नाहीत. कुणी लपवल्या नव्हत्या, कुणीतरी नेटकेपणानं रंगवल्या होत्या, एवढंच. जुनी लॉगबुकं चाळल्यावर उलगडा झाला. एका मालकानं झीरोसारखं दिसावं म्हणून तीन पात्यांचा पंखा लावला होता. तो जड, म्हणून नाक जड, म्हणून शेपटीत शिसं. पुढच्या मालकाला तो पंखा परवडेना, त्यानं हार्वर्डचा मूळ दोन पात्यांचा पुन्हा चढवला. पुढचं वजन गेलं, मागचं तसंच राहिलं. नवा तक्ता करणाऱ्यानं जुन्या तक्त्यातून पंख्यातला फरक तेवढा वजा-बेरीज केला, विमान काट्यावर चढवलंच नाही. आणि त्याच्या जुन्या तक्त्यात शिशाची नोंदच नव्हती.

शेपूट जड असलेलं विमान एरवी गोड उडतं. पण गिरकीत सापडलं तर बाहेर यायला नाक खाली पडावं लागतं, आणि ते पडत नाही. हार्वर्ड तसंही आपल्या चुका माफ करणाऱ्यांतलं नाही. त्या चिपा अजून माझ्या बाकावर कागदांवर ठेवायला आहेत.

दुसरा धोका रंगाचा, आणि तो सिनेमावाल्या विमानांना जास्त. हार्वर्डची एलेरॉन, एलेव्हेटर, रडर ही हलणारी अंगं कापडानं मढवलेली असतात. कापडावर रंगाचे थर चढत गेले की बिजागरीमागे वजन वाढतं. ठराविक वेगाला ते अंग फडफडू लागतं, आणि ही फडफड काही सेकंदांत शेपूट तोडू शकते. म्हणून रंग दिला की ते अंग उतरवून, तोलून, हिशेबात बसलं तरच परत चढवायचं. चित्रीकरणाच्या घाईत कला विभागाला हे पटत नाही. त्यांना उद्या सकाळच्या उन्हात डाग हवेत, काजळी हवी, गोळ्यांची भोकं हवीत. समजूतदार लोक धुऊन निघणारा रंग वापरतात. जे वापरत नाहीत त्यांचं विमान पुढं माझ्यासारख्याकडे येतं. दुसऱ्या झीरोचा रडर मी खरवडला तेव्हा राखाडी, त्याखाली हिरवा, परत राखाडी, मग प्रायमर, आणि पार तळाला कॅनडाच्या ट्रेनरचा झेंडूसारखा पिवळा, असा कांदा सोलत गेलो. पिवळा आला तेव्हा थांबून एक फोटो काढला. एवढं नटूनथटून आत शाळेची गाडीच!

तिसरा धोका सोंगाचा नाही, वयाचा. हार्वर्डचा बाहेरचा पंख मधल्या भागाला जोडतात तिथं वर-खाली कोनाच्या पट्ट्या आणि बोल्टांची लांब रांग असते, वरून पत्र्याची पट्टी झाकलेली. २००५ साली फ्लोरिडात एका टी-६चा पंख हवेत तुटला, आतली माणसं गेली. त्यानंतर अमेरिकेच्या विमान प्रशासनानं सगळ्या टी-६साठी हुकूम काढला: या पट्ट्यांची भेगांसाठी तपासणी करा आणि ठराविक तासांनी करत राहा. डोळ्यांनी भेग दिसत नाही. रंग काढून चमकणारं द्रव्य लावायचं, पुसायचं, मग काळ्या उजेडात, म्हणजे अतिनील दिव्याखाली, बघायचं. भेग असेल तर केसासारखी हिरवी रेघ पेटते. मी आयुष्यात दोनदा ती रेघ पाहिली, दोन्ही वेळा साध्या, विनासोंगाच्या टी-६वर. तेव्हा ‘मूळ रूपातलं तेवढं सुरक्षित’ असं समजू नका.

मग उडवावं की नाही? नीट सांभाळलेलं असेल तर मी त्यात बसतो, बसलोही आहे. कागदोपत्री साधं टी-६ प्रमाणित नमुन्याचं विमान ठरू शकतं. एवढा बदल केलेलं झीरो मात्र प्रायोगिक वर्गात, ‘प्रदर्शनासाठी’ या नावाखाली जातं. म्हणजे भाडं घेऊन कुणाला फिरवता येत नाही, आणि कुठं-कसं उडवायचं याच्या अटी विमानाबरोबर लेखी असतात. तुमच्या मुलाला तिकीट काढून हार्वर्डमध्ये बसायचं असेल तर साधं टी-६ शोधा, झीरोत ते होणार नाही.

एक विषयांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. हार्वर्डचा ऑस्ट्रेलियातला भाऊ म्हणजे विरावे. त्याच घराण्याच्या आराखड्यावर बांधलेलं, ट्रेनरच्या अंगाचं. २६ डिसेंबर १९४२ला न्यू गिनीत गोनाजवळ आर्चर नावाच्या वैमानिकानं या विरावेनं एक जपानी फायटर खरोखर पाडलं. सगळीकडे गाजलं: विरावेनं झीरो पाडलं! पुढे कळलं की ते झीरो नव्हतंच, जपानी लष्कराचं हायाबुसा होतं. म्हणजे खऱ्या लढाईत, मरणाच्या अंतरावरूनही माणसांना हायाबुसाचं झीरो दिसलं. पन्नास मीटरवरून तुमच्या मुलाला हार्वर्डचं झीरो दिसलं यात त्याचं काही चुकलं नाही.

आता चौथा प्रश्न, घेऊन मूळ रूपात आणण्याचा. माझं मत स्पष्ट आहे: आणू नका. उडतं टी-६ जगात अजून शेकड्यांनी आहे. त्यात एकाची भर घालून काय मिळवलं? सिनेमासाठी बनवलेली ही विमानं मूठभर. शूटिंग संपल्यावर ती विकली गेली. त्यांतली काही ज्या संस्थेकडे गेली ती आज कमेमोरेटिव्ह एअर फोर्स म्हणून ओळखली जाते, आणि तिनं १९७०च्या दशकापासून त्यांचा एअर शोचा खेळ बसवला. तुम्ही बहुधा तोच पाहिलात. यांतल्या केट आणि व्हॅल २००१च्या ‘पर्ल हार्बर’मध्ये पुन्हा दिसल्या. १९८०च्या ‘द फायनल काउंटडाउन’मध्ये हार्वर्डच्या अंगाच्या दोन झीरोंमागे अमेरिकी नौदलाची एफ-१४ जेट लागतात. तिथं जेटवाल्यांना पंख पसरून होता होईल तेवढं हळू उडावं लागलं, आणि इकडे हार्वर्डवाले इंजिनाचा पूर्ण जोर लावून. म्हणजे या सोंगाला आता स्वतःचा पन्नास वर्षांहून मोठा इतिहास आहे. यांतली काही विमानं हार्वर्ड म्हणून जगली त्याच्या कितीतरी पट वर्षं झीरो म्हणून जगली आहेत.

मत बाजूला ठेवलं तरी खर्च आहेच. कापलेली काच, कापलेली शेपूट, बदललेली टोकं यांचे मूळ भाग वेगवेगळ्या ठिकाणांहून गोळा करायचे, आणि केट असेल तर धडच कापलेलं. तेवढ्या पैशांत चांगलं टी-६ तयार मिळेल. उलट काम, म्हणजे धडधाकट टी-६ कापून नवं झीरो करणं, मला त्याहून नको वाटतं. हल्लीचे समजूतदार निर्माते कमी कापाकापीत भागवतात. २०१७च्या ‘डंकर्क’साठी याक-५२ या दोन सीटच्या रशियन ट्रेनरला स्पिटफायरचा वेश दिला होता. पडद्यावर नट, उडवणारा दुसराच, आणि जवळची दृश्यं खऱ्या आकाशात.

तरीही घ्यायचंच असेल तर माझ्या या सूचना. लॉगबुकं कॅनडापासून आजपर्यंत सलग आहेत का बघा. मधली सिनेमाची वर्षं बहुधा विरळ असतात, तिथंच सगळी कलाकुसर झालेली असते. पंखाच्या पट्ट्यांची शेवटची तपासणी कधी, कोणी केली ते लेखी मागा. जुना तक्ता कितीही सुबक असो, सौद्याआधी विमान काट्यावर चढवा, आणि शेपटीतली प्रत्येक झडप उघडून हात आत घाला. मागच्या सीटवरची पत्र्याची पाठ कशाला जोडलीय ते बघा. नळ्यांच्या सांगाड्याला भोक पाडून बोल्ट मारला असेल तर तिथून गंज सुरू होतो, आणि पाणी नळीत शिरून खालच्या टोकाला साचतं. तिथं बोटानं टिचकी मारा. धड नळी खणकन वाजते, कुजलेली भदभदते.

आणि मुलाला कॉकपिटमध्ये बसू देतील का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. शो संपल्यावर, गर्दी पांगल्यावर, दोरीपाशी तेलकट हातांचा माणूस दिसला की त्याला विचारा. वैमानिकाला नको, मेकॅनिकला विचारा. आम्ही सहसा नाही म्हणत नाही. आत गेल्यावर त्याला म्हणावं, जपानी अक्षरं शोधू नकोस, बहुधा सगळं इंग्रजीतच असेल. पायाशी स्टार्टरचं पेडल बघ: टाचेनं दाबलं की आतलं चाक घुंऽऽ करत वेग घेतं, मग चवड्यानं दाबलं की इंजिनाला जाऊन भिडतं. त्याआधी खालच्या सिलिंडरांत तेल साचलं नाही ना हे बघायला एकजण बाहेर उभा राहून पाती हातानं फिरवतो. जोधपूरला ती फिरवणारे माझे वडील होते. इथं ते काम माझ्याकडे असतं.